पावतीवर नाते काय लिहावे?

२०२४ सालच्या श्रावण पौर्णिमेची ही हकीगत. विहारात वंदना आटोपली होती, खीर वाटून झाली होती, मुले घरी पळाली होती आणि आम्ही नेहमीप्रमाणे कोपऱ्यातल्या टेबलाशी दानाच्या पावत्या फाडत बसलो होतो. दिवसभर कचेरीत आकडेमोड आणि पौर्णिमेला विहारात आकडेमोड, असा आमचा दिनक्रम. रांगेत सर्वांत शेवटी एक उपासिका उभ्या होत्या. पांढरी साडी, खांद्याला कामावर नेतात तसली रेक्झिनची पिशवी. टेबलाशी आल्या, पाचशेची एक नोट आणि वर एक रुपया ठेवून म्हणाल्या, "जयभीम दादा. एका बाईंच्या नावानं लिहा. गेल्या महिन्यात वारल्या."

आमच्या पावतीवरचा मजकूर छापील आहे. अमुक यांच्याकडून, कालकथित अमुक यांच्या पुण्यानुमोदनार्थ, नाते अमुक. ताईंनी बाईंचे नाव सांगितले आणि आमचे पेन थांबले. आडनाव आपल्या समाजातले नव्हते.

"नातं काय लिहू, ताई?"

"पेशंट," ताई म्हणाल्या.

शेजारी बसलेले आमचे ज्येष्ठ सहकारी पुढे वाकले. "त्यांना कालकथित कशाला लिहिता? त्यांच्यात कैलासवासी म्हणतात." दुसरे म्हणाले, "मग विहाराच्या पावतीवर कैलासवासी लिहायचं का?" तिसऱ्यांनी बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांची आठवण करून दिली. श्राद्धपक्ष करणार नाही असे आपण वचन दिले आहे, आणि हे परक्याच्या नावाचे श्राद्धच नव्हे काय, असा त्यांचा सवाल. ताई तशाच उभ्या. शेवटी आम्ही नात्याची जागा कोरी ठेवून पावती फाडली. पण हिशेबाच्या माणसाला कोरी जागा खुपते. पुढच्या रविवारी आम्ही ताईंच्या घरी गेलो, आणि तेथे जे ऐकले ते येथे देत आहोत. ताईंचे नाव आम्ही छापत नाही. "माझं छापायला माझी ना नाही," त्या म्हणाल्या, "पण माझं छापलं की त्यांचं कळेल, आणि त्यांना आता विचारता येत नाही."

ताई चेंबूरच्या एका वस्तीत राहतात. वस्तीचे नाव असे आहे, की ते सांगितल्यावर आडनाव सांगायची गरज उरत नाही. वय बेचाळीस, शिक्षण नववी. पती रिक्षा चालवीत, मणक्याच्या दुखण्याने घरी बसले. मुलगी कॉलेजात, मुलगा दहावीत. आधी ताई पोळ्यांची कामे करीत, मग एका नर्सिंग होममध्ये आया होत्या, आणि तेथून ब्युरोत लागल्या. आपल्या वस्त्यांत हे काम करणाऱ्या भगिनी घरटी नाही तरी गल्लीगणिक सापडतील. ब्युरो म्हणजे एक खोली, एक टेबल आणि दोन मोबाईल. कोणाच्या घरी म्हातारे माणूस अंथरुणाला खिळले की ते ब्युरोला फोन करतात, ब्युरो बाई पाठवतो. बाराची ड्युटी किंवा चोवीसची. ताईंच्या ठिकाणी घरचे लोक बारा तासांचे सातशे रुपये देत. ताईंच्या हाती साडेपाचशे पडत. खाडा झाला तर त्या दिवसाचे काहीच नाही.

येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाईसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. कारखान्यातल्या कामगाराचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला तो १९४६ च्या कायदादुरुस्तीने. गिरणीतल्या आपल्या वाडवडिलांना आठ तास मिळाले. त्यांच्याच नाती आज लोकांच्या घरात बारा तास उभ्या आहेत, कारण घर हा कारखाना नाही.

ब्युरोतल्या बाईंनी पहिल्याच दिवशी ताईंना समजावले होते. "आडनाव कोणी विचारलं तर गावाचं नाव सांग. सातारकडची म्हण. खोटं बोलू नको, पण पुढं बोलू नको." आधारकार्डाची झेरॉक्स ब्युरोत राहते, घरच्यांना फक्त पहिले नाव आणि मोबाईल नंबर मिळतो. ताईंनी आधी एका ठिकाणी आडनाव सांगून पाहिले होते. तिसऱ्या दिवशी फोन आला, "पेशंटला दुसरी बाई हवी." म्हणून त्यांनी तेव्हापासून गाव सांगायला सुरुवात केली. या गोष्टीवर नाक मुरडणारे आपल्यात पुष्कळ आहेत. कचेरीत कायमची नोकरी असली की छाती काढून जयभीम म्हणता येते. रोजच्या साडेपाचशेवर घर चालते तेव्हा काय करावे, हे त्या माणसांनी आधी सांगावे.

२०२१ च्या दिवाळीनंतर ताईंना मुलुंडची ड्युटी मिळाली. पेशंट म्हणजे एक ऐंशीच्या घरातल्या बाई, महापालिकेच्या मराठी शाळेत आयुष्यभर शिकवून निवृत्त झालेल्या. डाव्या अंगावरून वारे गेलेले. घर उच्चवर्णीयांचे, देवघर मोठे. मुलगा आणि सून दोघे नोकरीला. सकाळी आठला ताई पोहोचत, तेव्हा सून चप्पल घालूनच उभी असे. ताईंना चहासाठी एक कप दिला होता, कान तुटलेला. तो खिडकीच्या कट्ट्यावर असायचा, इतर कपांत नसायचा. "त्यांना माझी जात माहीत नव्हती दादा, तरी कप वेगळाच," ताई म्हणाल्या. कामाला येणाऱ्या बाईची जात विचारावी लागत नाही, ती धरलेलीच असते.

बाई सुरुवातीला फार त्रास देत. उजव्या हाताने चिमटे काढीत, औषध थुंकीत, डायपर बदलताना शिव्या नव्हेत पण शिव्यांपेक्षा लागतील असे शब्द बोलत. ताईंनी हे सगळे हसतच सांगितले. "जी बाई चाळीस पोरांना गप्प बसवत होती, तिला मी कूस बदलताना हलवणार. राग येणारच की."

त्या लकव्याची एक तऱ्हा ताईंनी सांगितली ती आम्हाला नवी होती. बाईंना डावी बाजू दिसत नसे. डोळे चांगले, पण डावीकडे काही आहे याची जाणीवच नाही. ताटातली उजवीकडची भाजी संपवीत आणि डावीकडचा भात तसाच ठेवून "वाढलं नाहीस" म्हणत. सून म्हणे, आई हट्ट करतात. ताईंनी दोन दिवस पाहिले आणि तिसऱ्या दिवशी अर्धे जेवण झाल्यावर ताट गर्रकन फिरवले. भात उजवीकडे आला, बाईंनी तो खाल्ला. डॉक्टर आले तेव्हा ताईंनी विचारले. ते म्हणाले, या बाजूच्या लकव्यात असे होते, तुम्ही बरोबर केलेत.

या कामाला लोक हलके समजतात, पण ऐकताना आम्हाला आमची बी. कॉमची परीक्षा सोपी वाटू लागली. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर माकडहाडापाशी कातडी लाल होते आणि जखम पडते. चादरीला एक सुरकुती राहिली तरी चालत नाही. भरवताना पेशंटला बसते करायचे, हनुवटी खाली, घास उजव्या गालात, आणि गिळला की नाही ते पाहून मगच पुढचा. नंतर अर्धा तास आडवे करायचे नाही, अन्न श्वासनलिकेत जाते. स्पंजच्या पाण्यात आधी आपले कोपर घालून पाहायचे, कारण लकव्याच्या अंगाला चटका कळत नाही. दुखऱ्या हाताला धरून कधीच ओढायचे नाही, खांदा निखळतो. पावणेतीन वर्षांत बाईंच्या पाठीला एकही जखम झाली नाही. हे वाक्य ताईंनी दोनदा सांगितले.

डॉक्टरांनी रोजची नोंद ठेवायला सांगितली म्हणून ताईंनी शंभर पानी वही आणली. त्या वह्या आम्ही पाहिल्या. एकूण सात. "८.१५ स्पंज. ८.४० नाचनीची पेज १ वाटी. ९.०० गोळ्या ३. १०.०० कूस. बी. पी. १४०/८०. संडास झाली नाही." असे पानामागून पान. आम्ही कारकून माणूस, आम्हाला ते मस्टरच वाटले. हजेरी होती, वेळ होती, काम होते. सही घेणारा साहेब तेवढा नव्हता.

साहेब नव्हता असेही म्हणता येत नाही. पहिली वही आठ दिवसांत बाईंच्या नजरेस पडली. "दाखव इकडे. पेन्सिल दे." आणि शिक्षिकेने शुद्धलेखन तपासायला घेतले. 'जेवन' भोवती गोल. 'नाचनी' भोवती गोल. 'पानी' भोवती गोल. गोल सगळे ओळीच्या उजव्या अर्ध्या भागात. डावीकडच्या चुका बाईंना दिसतच नव्हत्या.

'न' आणि 'ण' हा आपल्यापैकी कित्येकांच्या काळजातला काटा आहे. शाळेत, कचेरीत, मुलाखतीत या एका अक्षरावरून आपल्याला ओळखले गेले आहे आणि हसले गेले आहे. आम्हीही पहिल्या नोकरीत 'पानी' म्हणालो होतो, तेव्हा टेबलापलीकडून जे हसू आले ते अजून विसरलेलो नाही. ताईंनाही ते गोल पाहून रडू आले. त्या दिवशी त्यांनी ड्युटी सोडायचे ठरवले होते. पण महिना संपायला बारा दिवस होते आणि मुलीची फी भरायची होती.

बाईंनी दुसरी मागणी केली ती वहीच्या नावाची. "वहीवर नाव पूर्ण लिहावं. स्वतःचं, नवऱ्याचं, आडनाव." ताईंनी पहिली दोन लिहिली. "आणि पुढे?" "जागा संपली, बाई." बाई काही बोलल्या नाहीत. तोपर्यंत ताई त्यांना घरच्यांसारखे आजी म्हणत. त्या दिवसापासून बाई म्हणू लागल्या, शाळेतल्यासारखे.

ताई रजा फारशी घेत नसत. पण ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर गेल्याशिवाय त्या कधी राहिलेल्या नाहीत, आणि १४ एप्रिलला वस्तीत मिरवणुकीत त्यांच्या महिला मंडळाचा वाटा असतो. २०२१ च्या ६ डिसेंबरला त्यांनी भाऊ आजारी असल्याचे सांगितले. २०२२ च्या १४ एप्रिलला नणंदेला ॲडमिट केले. पुन्हा डिसेंबर आला. पाच तारखेला संध्याकाळी ताई पिशवी आवरत होत्या, तेव्हा बाई छताकडे पाहत म्हणाल्या, "उद्या कोण आजारी पडणार आहे गं?"

ताईंचे हातपाय गळाले. बाई पुढे म्हणाल्या, "सहा डिसेंबर आणि चौदा एप्रिल. तारखा मलाही पाठ आहेत, एकतीस वर्षं शाळेचं कॅलेंडर मी लिहिलंय. जा. पाण्याची बाटली घेऊन जा, रांग मोठी असते."

म्हणजे बाईंना ठाऊक होते. कधीपासून, ते ताईंना आजही माहीत नाही. सुनेला त्यांनी सांगितले नाही. आठ तारखेला आपल्याला काढून टाकल्याचा फोन येईल म्हणून ताई दोन रात्री जाग्या होत्या. फोन आला नाही.

यानंतर दोघींत पुष्कळ बोलणे झाले असेल असे कोणाला वाटेल. तसे काही झाले नाही. बाई पेपर वाचून घेत, चुकीचा उच्चार झाला की थांबवत, ताई ताट फिरवत, दोन तासांनी कूस बदलत. २०२३ च्या पावसाळ्यातल्या एका दुपारी मात्र बाई आपण होऊन बोलू लागल्या. ताईंनी सांगितले ते त्यांच्याच शब्दांत देतो.

"म्हणाल्या, शिष्यवृत्तीचे फॉर्म यायचे शाळेत. भरून द्यायची घाई असायची. मी वर्गात म्हणायची, सवलतीची मुलं उभी राहा. सगळ्या वर्गासमोर. एक मुलगी होती, ती उभीच राहायची नाही. मान खाली घालून बसायची. मग मी तिचं नाव मोठ्यांदा घ्यायची, आडनावासकट. तिनं नंतर शाळा सोडली. का सोडली ते मी विचारलं नाही. एवढं बोलल्या आणि गप्प. मी म्हटलं, मी पण उभी राहायची, बाई. सातवीपर्यंत. मग त्या काही बोलल्या नाहीत आणि मी पण नाही. घड्याळात दोन वाजले होते. कूस बदलायची वेळ झाली होती. मी बदलली."

वाचकहो, आपल्यापैकी किती जण असे उभे राहिले आहेत! आम्ही राहिलो आहोत. बाकावरून उठताना पायात येणारा तो जडपणा अजून आठवतो. म्हणून आम्ही ताईंना विचारलेच, "तुम्ही त्यांना माफ केलं का?"

ताईंनी आमच्याकडे असे पाहिले, की आम्ही काही खुळ्यासारखे विचारले असावे. "त्यांनी माफी कुठं मागितली, दादा? सांगितलं फक्त. एवढ्या वर्षांत कोणाला तरी सांगितलं."

दुसऱ्या दिवशी नवी वही सुरू झाली. तिच्यावर ताईंनी आपले नाव पूर्ण लिहिले, आडनावासकट, मोठ्या अक्षरात. बाईंनी वही हातात घेतली, वाचली आणि पेन्सिल मागितली नाही. आम्ही त्या वहीची पाने उलटून पाहिली. 'जेवन' आत तसेच आहे, भोवती गोल नाही. बाईंचा हात थकला होता की त्यांनी ते सोडून दिले, हे ताईंना सांगता येत नाही.

२०२३ च्या ५ डिसेंबरला बाईंनी सुनेला सांगितले, "उद्या तिला मीच सुट्टी दिली आहे." कारण सांगितले नाही. कानतुटका कप कट्ट्यावरच राहिला.

जुलै २०२४ मध्ये बाईंना ताप आला, नंतर नळीने अन्न सुरू झाले. शेवटचे दोन दिवस ताई रात्रीही थांबल्या. पहाटे पाय गार पडले, गुडघ्यांवर जांभळे डाग उमटले, श्वासांमध्ये अंतर पडू लागले. ताईंनी मुलाला उठवले. "आता बसा जवळ. हात धरा. उजवा धरा, त्यांना तो कळतो." मुलाने हात धरला. साडेपाचला श्वास थांबला. डॉक्टर येऊन लिहून देऊन गेल्यावर ताईंनी नळी काढली, अंग पुसले, जबडा आखडायच्या आत कवळी बसवली, हनुवटीला पट्टी बांधली, केस विंचरले. बाईंची एक जांभळ्या काठाची साडी होती, शाळेत झेंडावंदनाला नेसायच्या ती, ती नेसवली.

आठ वाजल्यापासून नातेवाईक येऊ लागले. भटजी आले. मग कोणीतरी म्हणाले, "मावशी, तुम्ही आता बाहेर बसा." ताई जिन्यात चपलांजवळ बसल्या. बारापर्यंत तेथेच होत्या. ज्या अंगाला पावणेतीन वर्षे त्यांच्याशिवाय कोणी हात लावला नव्हता, त्या अंगाला आता त्यांचा हात चालणार नव्हता. खाली नेताना जिन्यावर त्या भिंतीला चिकटून उभ्या राहिल्या आणि मनात त्रिसरण पंचशील म्हटले. संध्याकाळी ब्युरोचा फोन आला, "तुमची ड्युटी संपली. हिशेब एक तारखेला." शेवटच्या दोन रात्रींचे पैसे हिशेबात धरले नव्हते. ब्युरो म्हणाला, रात्रीचे बोलणे आमच्याशी झाले नव्हते. ते पैसे अजून आलेले नाहीत.

दोन आठवड्यांनी ताई छत्री आणायला गेल्या. दारात रद्दीचा गठ्ठा बांधून ठेवला होता, त्यात वह्या होत्या. ताईंनी मागितल्या. सून वह्या काढून देत होती, तेव्हा शेवटच्या वहीवरचे नाव तिने वाचले. थोडा वेळ गेला.

"तुम्ही कधी बोलला नाहीत," सून म्हणाली.

"आईंना माहीत होतं," ताई म्हणाल्या.

सुनेने त्यांना बसायला सांगितले, चहा ठेवते म्हणाली. आम्ही अर्थातच विचारले, चहा कोणत्या कपात आला? "थांबले नाही, दादा. गाडीची वेळ झाली होती."

महिनाभर काम नव्हते. वर्षावास चालू असल्याने विहारात रोज संध्याकाळी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होई, त्याला ताई येऊन बसत. एका संध्याकाळी आजारी भिक्खूचा प्रसंग वाचला गेला. पोटाच्या विकाराने तो भिक्खू स्वतःच्याच घाणीत पडला होता आणि इतर भिक्खू त्याच्याकडे फिरकत नव्हते, कारण तो त्यांच्या काही उपयोगाचा नव्हता. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले, दोघांनी मिळून त्याला धुतले, एकाने डोक्याकडून व एकाने पायांकडून उचलून खाटेवर ठेवले. ताई त्या दिवशी वाचन संपल्यावरही उठल्या नाहीत असे आमच्या सौ. नी पाहिले होते. पौर्णिमेला पाचशे एक रुपये आले ते त्यानंतर.

आम्ही घरी येऊन विनयपिटकातील महावग्ग काढून पाहिला. त्यातील चीवरक्खन्धकात हा प्रसंग आहे, आणि त्याच्याच पुढे आणखी एक नियम आहे जो आम्ही पूर्वी वाचूनही विसरलो होतो. आजाऱ्याची शुश्रूषा करणाऱ्याला पालीत गिलानुपट्ठाक म्हणतात. भिक्खू मरण पावला की त्याचे चीवर आणि भिक्षापात्र यांचा मालक संघ होतो. परंतु ज्यांनी शुश्रूषा केली त्यांचे उपकार मोठे, म्हणून संघाने ती चीवर-पात्रे त्यांना द्यावीत. एका भिक्खूजवळ असून असून असते काय? तीन चीवरे आणि एक पात्र. तेवढेच, पण त्यावर पहिला हात गुरूचा नाही, आप्ताचा नाही. ज्याने घाण काढली त्याचा.

तेथेच चांगल्या गिलानुपट्ठाकाची लक्षणे सांगितली आहेत. औषध तयार करता यावे, पथ्य-कुपथ्य कळावे, मलमूत्राची किळस नसावी, आजाऱ्याला धीर देता यावा. आणि सेवा मैत्रीने करावी, लाभासाठी नव्हे. हे शेवटचे लक्षण आमच्या मालकवर्गाला फार आवडेल. पगार वाढवा म्हटले की "हे तर सेवेचे काम आहे" असे उत्तर तयार असते. पण तो नियम भिक्खूंना आहे, ज्यांच्या जेवणाची काळजी उपासक घेतात. ताईंच्या जेवणाची काळजी कोण घेतो? आणि मैत्री नसती तर ताट फिरवायचे कोणाला सुचले असते?

पुढच्या कमिटीच्या बैठकीत आम्ही हे सर्व मांडले. ज्येष्ठांचा आक्षेप कायम होता, आणि तो वेगळ्या अंगाने योग्यही होता. "त्या बाईंना सगळं माहीत होतं, मग घरात एक शब्द का बोलल्या नाहीत? कप का बदलला नाही? गुपचूप चांगुलपणाचं आम्ही कौतुक का करावं?" याला आमच्याजवळ उत्तर नव्हते. ताईंनाच बोलावले. त्या म्हणाल्या, "कौतुक करू नका. त्यांचं नाव घ्या एवढंच म्हणते. मी त्यांना पावणेतीन वर्षं सांभाळलं. तेरावं त्यांचं त्यांच्या घरच्यांनी केलं, मला त्यातलं काही करायचं नाही. मला माझ्या विहारात बसून त्यांची आठवण करायची आहे." श्राद्धाचा प्रश्न तेथेच मिटला. ना पिंड, ना कावळा, ना दक्षिणा. त्रिसरण, पंचशील आणि दान. भाद्रपद पौर्णिमेला बाईंचे नाव वाचले गेले. ज्येष्ठ हजर होते आणि हात जोडून बसले होते.

पावतीच्या स्थळप्रतीवर 'नाते' या जागी आम्ही 'गिलानुपट्ठाक' असे लिहिले आणि ताईंकडच्या पावतीवरही. त्यांनी तो शब्द तीनदा वाचून पाहिला.

दरम्यान एक व्यवहाराची गोष्ट झाली, ती अशा कामातल्या सर्व भगिनींच्या उपयोगाची आहे. जुन्या ब्युरोने ताईंना अनुभवाचा दाखला द्यायला नकार दिला. दुसऱ्या ब्युरोला दाखला हवा होता. ताईंनी सात वह्या टेबलावर ठेवल्या. तेथल्या बाईंनी अर्धा तास चाळल्या आणि दिवसाला दीडशे रुपये वाढवून ठेवून घेतले. तेव्हा भगिनींनो, वही ठेवा. तारीख, वेळ, काम, आणि वर आपले पूर्ण नाव. रात्री थांबलात तर तेही लिहा आणि घरच्या माणसाची त्यावर सही घ्या. तसेच, महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ साली झाला आहे. नोंदणी १८ ते ६० वर्षे वयात करता येते. पण घरबसल्या कोणी नाव घालत नाही, आपणच जावे लागते. २०२१ च्या निर्बंधांत शासनाने नोंदणी असलेल्या घरकामगारांना पंधराशे रुपये दिले, तेव्हा ताईंची नोंदणी नव्हती. फॉर्म भरायचा असेल त्यांनी रविवारी सकाळी विहारात यावे, आम्ही टेबलाशी असतो.

ताईंची नवी ड्युटी रात्रीची आहे, रेल्वेतून निवृत्त झालेल्या एका आजोबांकडे. त्यामुळे पौर्णिमेला त्यांना येता येत नाही. सहा डिसेंबरची रजा त्यांनी कामाला लागतानाच मागून ठेवली. आजोबांच्या मुलीने कारण विचारले, तेव्हा कारणही सांगितले.